ताडकळसचा राखेचा पट्टा

ताडकळस
रविवार, ३० ऑक्टोबर १९८८

तीर्थरूप मामांस,
सप्रेम जयभीम.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. राखेच्या पट्ट्यातली ज्वारी शेजारच्या साध्या पट्ट्याइतकीच भरून उगवली आहे, असं मी तुम्हाला १७ तारखेला कळवलं. तसं झालेलं नाही. राखेच्या पट्ट्यात उगवण बरीच कमी होती. मी पाहिलं तेव्हा तो पट्टा भरलेला दिसला, कारण आईनं त्यातले नांगे, म्हणजे बी न उगवलेल्या रिकाम्या जागा, भरून काढले होते.

ते पत्र तुम्ही कुणाला दाखवलं असेल तर हेही दाखवा. म्हणून तुम्हाला माहीत असलेलंसुद्धा पहिल्यापासून लिहिते, कंटाळू नका. तुमच्या समुद्रकाठच्या वीजकेंद्रातली कोळशाची राख आपल्या काळ्या जमिनीत मिसळली, तर जमीन थोडी भुसभुशीत होते का आणि पिकाला ती सोसते का, एवढंच पाहायचं होतं. तुम्ही पाठवलेली पोती मी परभणी स्टेशनवरून सोडवून आणली. आपल्या गायरानाच्या तुकड्यात शेजारी शेजारी दोन पट्टे आखले. एकात राख मिसळली, एकात नाही. खत दोन्हीत टाकलं नाही. दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच तिफणीनं, एकच बियाणं पेरलं. मग मी परभणीला माझ्या माती परीक्षणाच्या नोकरीवर निघून गेले आणि पंधरा दिवसांनी येऊन रोपं मोजली.

आज पुन्हा पट्ट्यात बसले होते. राखेच्या पट्ट्यातल्या काही रोपांच्या बुडाशी मला शेणखत दिसलं. आधी वाटलं, वाऱ्यानं आलं असेल. पण प्रत्येक तासात थोड्या थोड्या अंतरावर मूठ मूठ खत, आणि त्याच रोपांची पानं शेजाऱ्यांपेक्षा मलूल. मी आईला हाक मारली. ती बांधावर तुरीची निंदणी करत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "म्या भरले नांगे. शेजारच्या पट्ट्यातली दाटीची रोपं उपटून हिकडं लावली."

मी विचारलं, कधी? म्हणाली, तू मोजायला यायच्या आधी, जरा भुरभुर पाऊस झाला तेव्हा. मी विचारलं, किती? त्यावर ती हसायलाच लागली. "मोजून का लावतंय कुनी? टोपलंभर असतील."

मामा, मी तिला रागावले नाही. रागावायला काही कारणही नव्हतं. तासात रिकामी जागा दिसली की बाईमाणूस ती भरतं, तसं तिनं केलं. आपल्या शेतात ती दर वर्षी हेच करते आणि मीही लहानपणी तिच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन फिरले आहे. नांगे भरू नकोस, हे सांगायला हवं होतं ते मी. मला सुचलंच नाही. दाट झालेली रोपं काढल्यामुळे साधा पट्टा विरळ दिसला आणि ती लावल्यामुळे राखेचा भरलेला, त्यामुळे मोजणी दोन्हीकडून बिघडली. आता नेमकी किती उगवण झाली होती हे कुणालाच सांगता येणार नाही. फक्त कमी होती, एवढं खरं.

हे पत्र उद्या परभणीहून टाकते. कृपा करून उलट टपाली कळवा, माझं १७ तारखेचं पत्र कुणी कुणी वाचलं?

तुमची भाची,
विशाखा

ता. क. आई म्हणते, खोकल्याचं औषध घेता की नाही ते लिहा.


वीजकेंद्र वसाहत
८ नोव्हेंबर १९८८

चि. विशाखा हिस,
मंगल आशीर्वाद. आक्काला सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून मी एकटाच खोलीत इतका हसलो की शेजारचे डोकावून गेले. आक्कानं माझ्या प्रयोगाचे नांगे भरले! अगं, तिच्या हातात दिलं असतं तर तिनं आमच्या बॉयलरचेसुद्धा भरले असते. तू एवढी घाबरू नकोस. लहान होतीस तेव्हाही दाराला कडी घातली का म्हणून अंथरुणातून उठून पुन्हा पुन्हा पाहायचीस. तेव्हा खोकल्यानं माझी छाती धरली म्हणून मी वर्षभराची रजा काढून तुमच्याकडे येऊन राहिलो होतो, आणि तुला शाळेत घालायच्या आधी चिंचोके मांडून बेरीज शिकवायचो. बेरीज बरोबर आली तरी तू चिंचोके पुन्हा मोजायचीस. ती खोड गेली नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझं पत्र आमच्या साहेबांनी वाचलं. नुसतं वाचलं नाही, टाइप करून घेतलं. वर लिहिलं, 'परभणी येथील प्रयोगाचा अहवाल'. नूतनीकरणाच्या समितीपुढे तो ठेवला गेला. तुझ्या नावापुढे त्यांनी 'मृदा तज्ज्ञ' असं घातलं आहे. वाचून मला भरून आलं.

या नूतनीकरणाची आम्ही किती वर्षं वाट पाहिली, हे तुला इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. दोन जुने बॉयलर आहेत, मी नोकरीला लागलो तेव्हाही ते जुनेच होते. त्यांच्या धुराड्यांतून जे पडतं ते वसाहतीतल्या दोऱ्यांवरच्या कपड्यांवर बसतं, आणि माझ्या छातीत बसलेलं आहेच. आता धुराड्यांना धूळ पकडणारी यंत्रं बसणार आहेत. पण पकडलेल्या राखेचं करायचं काय? आजवर आम्ही समुद्राचं पाणी पंपानं मारून ती नळातून तळ्यात ढकलतो. तळं भरलं की ती खाडीत उतरते. खाडीच्या चिखलात बायका तिसऱ्यांचे शिंपले वेचायच्या, तिथं आता राखेचा थर आहे. फाटकावर मासळी विकायला एक कोळीण बसते. मला पाहिलं की विचारते, "साहेब, तुमच्या राखेतलं पापलेट घेता का? मीठ-मसाला लावायलाच नको." मी राख विभागाचा पर्यवेक्षक, म्हणून सगळे टोमणे माझ्या वाट्याचे.

म्हणून मी समितीला सांगितलं, राख पाण्यात सोडूच नका. कोरडीच कोठीत साठवा आणि शेतकऱ्यांना द्या. तुझ्या पत्रानं त्या बोलण्याला वजन आलं. साहेब म्हणाले, रेल्वेची पहिली वाघीण राखेनं भरून परभणीलाच पाठवू. तुझ्या गावच्या लोकांचं नाव निघालं, हे आक्काला सांग.

उगवण कमी झाली ती पाखरांनी बी टिपल्यामुळेही असेल. मुंग्याही नेतात. त्यात राखेचा दोष असेलच असं नाही. पाठवलेली राख मी स्वतः पाहून घेतली होती. अंगणात ताडपत्रीवर पसरून उन्हात वाळवली, चाळली आणि मग पोती भरली. तुला शंकाच असेल तर घरी दोन कुंड्यांत पेरून पाहा. मग निवांत कळव. उगाच घाईनं काही लिहू नकोस.

औषध घेतो. रोज घेतो असं आक्काला सांग.

तुझा मामा,
बन्सीधर


परभणी
१४ नोव्हेंबर १९८८

तीर्थरूप मामांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र परवा पोचलं. तुम्हाला हसू आलं हे वाचून बरं वाटलं. नंतर 'अहवाल' हा शब्द वाचला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मामा, ते पत्र होतं. त्यात मी आईच्या गुडघ्याबद्दलही लिहिलं होतं. आणि मी मृदा तज्ज्ञ नाही. माती परीक्षणाच्या कार्यालयात सहायक आहे. ते त्यांना दुरुस्त करायला सांगा.

कुंड्या मी तुमचं पत्र यायच्या आधीच लावल्या होत्या. ३१ तारखेलाच. न विचारता लावल्या त्याबद्दल रागावू नका. दोन नाही, तीन लावल्या. पहिलीत नुसती आपली माती, दुसरीत माती आणि तुमची राख. तिसरीतही तेवढीच राख, पण विहिरीच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन, निथळून घेतलेली. कुंड्यांवर जाळी घातली, म्हणजे पाखरं आणि मुंग्या दोन्ही आल्या नाहीत.

पहिलीत ज्वारी चांगली उगवली. तिसरीतही जवळजवळ तशीच. दुसरीत एकदोन कोंब आले, त्यांची टोकं करपली आणि ते बसले.

मग मी राखेची चिमूट जिभेवर ठेवली. गुडघा दाखवायला आई इथे माझ्याकडेच आली आहे, तिनं पाहिलं आणि पाठीत धपाटा घातला. पण मामा, ती खारट होती. आमच्या वरिष्ठांची परवानगी घेऊन, कामाचे तास संपल्यावर मी प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तिचे क्षार मोजले. आकडा इतका आला की यंत्र बिघडलं असं वाटून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. तोच आला. आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. तिच्यात एकदा मीठ गेलं की ते सहज निघत नाही. कुंडीतली राख धुता येते, शेत धुता येत नाही.

आता एक विचारते, विचारायला जीभ रेटत नाही. तुम्ही लिहिलं, राख ताडपत्रीवर पसरून उन्हात वाळवली. पोत्यांतली राख धुराड्याला नमुन्यादाखल बसवलेल्या यंत्रातली आहे आणि ती कोरडीच असते, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. मग ती वाळवावी का लागली?

दुसरी काळजी वाघिणीची. वाघीण येणार ही बातमी आई काल बाजारात बोलली. आज सकाळी आपल्या गावचे नागनाथ आणि दत्तराव दोघंही बसनं परभणीला आले, केवळ मला भेटायला. दत्तरावांनी हरभऱ्याची पेरणी अर्ध्या शेतात थांबवली आहे, तिथे आधी राख टाकू म्हणतात. नागनाथ म्हणाले, तुझ्या मामाचं बोलणं म्हणजे पक्कं, आमाला इचारायचं कामच न्हाई. मी त्यांना थांबा म्हटलं. त्यांना वाटलं, मी राख आधी आमच्याच भाऊबंदांना देणार आहे. तसे ते हसत बोलले, पण बोलले.

या पाकिटात आईचंही पत्र आहे. तिनं सांगितलं तसंच लिहिलं आहे, एकही शब्द बदललेला नाही. माझ्याबद्दलचे सुद्धा.

तुमची,
विशाखा


बन्सीधरला कस्तुराबाईचा जयभीम.

तू बराबर हायस का? आमी खुशाल हाव. गुडघा दुखायलाय पर चालायलाय. ही पोरगी म्हनायलीय मी सांगते तसंच लिहिते, तवा ध्यानात ठिव, कायबी वंगाळ आलं तर ते माझं हाय.

आधी हे सांग, नांगे भरले त्यात माझी काय गलती? तुझ्या राखंचा पट्टा रस्त्याकडनं हाय. येनारंजानारं बघतंय. बन्सीधरची राख टाकली आन जागा बोडकी पडली, असं म्हनले असते लोकं. मला ते बघवंना. म्हनून भरले. तू लहान हुतास तवा तुझ्या सदऱ्याला भोक पडलं तर म्या रातीतून शिवायचे, तसंच हाय हे. त्या सायबाला लिहून दे, बाई अडानी हाय, तिनं केलं. माझं काय कापून नेत्यात?

दुसरी गोस्ट. तुझी भाची जेवंना झालीय. भाकर कुस्करती आन तशीच ठिवती. त्या कुंड्यापाशी बसायलीय, कुंड्या काय बोलनार हायत? म्या म्हनलं मामा हाय ना, त्यो बघंल. तर म्हनती, आई, मामालाच तर लिहायचंय, तेच तर अवघड हाय. मला काय उमगलं न्हाई, तुला उमगत आसंल.

अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत आपलं घर जाळलं तवा तू तिकडून आलास, ह्या गायरानात हुबा राहिलास आन म्हनलास, आक्का, हे सोडू नको, हेच आपलं. म्या सोडलं न्हाई. दहा वर्स दगडं येचली ह्या जमिनीतली. तुझ्या राखेनं ती सुधारती म्हनून म्या तुला पट्टा दिला. सुधारत नसंल तर तसं सांग, मी काय तुझ्यावर रुसते का? तू राख पाठवलीस काय आन माती पाठवलीस काय, माझ्या मनात तुझी किंमत तीच.

औषिद रोज घेतो म्हनतोस, लबाड बोलू नको. रोज घेनारा मानूस 'रोज' असं लिहीत न्हाई.

कस्तुराबाई


वीजकेंद्र वसाहत
२४ नोव्हेंबर १९८८

चि. विशाखा,
मंगल आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. काय लिहावं हे कळत नव्हतं. आक्काचं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. औषध परवापासून सुरू केलं.

ती राख तळ्यातली होती.

धूळ पकडणारं एक यंत्र नमुन्यादाखल बसवलं आहे, ते खरं. पण ते अजून चालू झालेलं नाही. ठेकेदार म्हणतो सुटा भाग यायचा आहे. मी पावसाळाभर वाट पाहिली. ज्वारीची पेरणी जवळ आली आणि तुला तर मी सांगून बसलो होतो. मग तळ्याच्या वरच्या काठावरची राख काढून घेतली. चार महिने पाऊस पडलाय, मीठ धुऊन गेलं असेल, असं मनाशी ठरवलं. तू जशी जिभेला लावून पाहिलीस तशी मी पाहिली नाही. खरं सांगू? पाहावीशी वाटली नाही. तुला हे लिहिलं नाही, कारण तू लगेच 'नको' म्हणाली असतीस.

आता पुढचं ऐक, ते जास्त वाईट आहे. साहेबांना मी पोती कुठली ते सांगितलं होतं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. तुझं पत्र आल्यावर त्यांनी उलटा हिशेब मांडला. तळ्यातल्या राखेत जर ज्वारी एवढी उगवते, तर कोरड्या राखेच्या कोठ्या बांधायच्या कशाला? धुराड्यांना यंत्रं बसवू, धूर स्वच्छ होईल, आणि पकडलेली राख आहे तशीच समुद्राच्या पाण्यानं तळ्यात सोडू. तळ्यातून शेतकरी नेतील. नूतनीकरणाच्या आराखड्यातून कोठ्यांचं काम वगळायचा ठराव तयार आहे. बुधवारी, ७ डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता समितीची बैठक आहे. त्यात तो मंजूर होईल, आणि त्याच आठवड्यात परभणीची वाघीण भरतील.

म्हणजे ज्यासाठी मी हे सगळं केलं, तेच माझ्या हातून बुडतंय.

तू म्हणशील, मग उठून सांगा. विशाखा, मी तीनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो. मला दोन भीती आहेत. एक अशी की अहवाल खोटा निघाला तर ते म्हणतील, राख शेताला देण्याची गोष्टच खुळचट, सोडा तो विषय. मग कोठ्याही नाहीत आणि शेतकरीही नाही, सगळी राख खाडीतच. दुसरी भीती माझी स्वतःची. या ३१ डिसेंबरला मी निवृत्त होतोय. राख वाटपाचं काम पाहायला मला वर्षभर मुदतवाढ द्यायचं चाललं आहे. मला ती हवी आहे. घरी येऊन आक्काच्या अंगणात खोकत बसायची मला धास्ती वाटते. हे दुसरं कुणाला मी सांगितलं नसतं.

तू गप्प राहा असं म्हणत नाही. एवढंच म्हणतो की ७ तारीख जाऊ दे. वाघीण मी काही ना काही निमित्त काढून लांबवीन. निवृत्त झालो की मी स्वतः वरच्या कार्यालयाला सविस्तर लिहीन. तेव्हा मला कुणाचं भय नसेल. तुझं नाव त्यात येऊ देणार नाही.

नागनाथला आणि दत्तरावला काय सांगायचं ते तू ठरव. माझ्या शब्दावर त्यांनी पेरणी थांबवली, हे वाचल्यापासून घास उतरत नाही. मामा-भाची दोघंही जेवत नाहीत म्हटल्यावर आक्का काय करील कोण जाणे.

तुझा,
बन्सीधरमामा


परभणी
बुधवार, ३० नोव्हेंबर १९८८

तीर्थरूप मामांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र काल मिळालं. मी ते आईला वाचून दाखवलं, सगळं. लपवून ठेवणार होते, पण तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाटावर येऊन बसली. ऐकून झाल्यावर तिनं पत्र माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, "त्याला अंगनात खोकत बसायचं भ्या वाटायलंय? मला तर त्याची रोज वाट बघायची सवय झालीय. त्याला लिही, अंगन झाडून ठिवलंय." आणि उठून भाकरी थापायला गेली. मी जेवले. तुम्हीही जेवा.

दत्तरावांना आणि नागनाथना मी कालच ताडकळसला जाऊन भेटले. राख खारट आहे, घेऊ नका, हरभरा पेरून टाका, असं सांगितलं. उशीर झालाय, पण ओल अजून आहे. दत्तराव थोडे तडकले. म्हणाले, आधी पत्रात एक, आता एक, शिकलेल्या मानसाचं आमी ऐकायचं कसं? मी म्हटलं, आधीचं माझं चुकलं. त्यावर ते बैल सोडायला गेले. संध्याकाळी तिफण बाहेर निघालेली दिसली. त्यामुळे इथली माणसं आता फसणार नाहीत. पण वाघीण आपल्या गावानं घेतली नाही तर ती दुसऱ्या गावाला जाईल, आणि तिथं माझ्याच नावाचा कागद दाखवतील.

तुम्ही म्हणता, ७ तारीख जाऊ दे. रात्रभर मी तुमच्या बाजूनं विचार करून पाहिला. तुमच्या दोन्ही भीती मला पटतात. दुसरी तर जास्तच पटते, कारण ती लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला कळतं. पण ठराव मंजूर झाल्यावर कोठ्यांचं काम पुन्हा कोण काढणार? तुम्ही जानेवारीत लिहिलेलं पत्र 'निवृत्त कर्मचाऱ्याची तक्रार' म्हणून फायलीत जाईल. आमच्या कार्यालयात अशा पत्रांचं काय होतं ते मी रोज पाहते.

आणि पहिली भीती, राखेचा विषयच ते सोडून देतील ही. मामा, त्यासाठी तिसरी कुंडी आहे. धुतलेल्या राखेत ज्वारी आली. म्हणजे राखेचा दोष नाही, समुद्राच्या पाण्याचा आहे. राखेला ते पाणी लागूच दिलं नाही तर ती शेताला चालेल आणि खाडीतही जाणार नाही. तुम्ही इतकी वर्षं जे सांगत होता, तेच या कुंड्या सांगतात. कोरड्या राखेवर खरा प्रयोग मी पुढच्या हंगामात करीन. तोवर चालेल म्हणूनही कुणी लिहू नये, मीही लिहिणार नाही.

म्हणून मी येते आहे. चार दिवसांची रजा मंजूर झाली. सहा तारखेला मुंबईला चैत्यभूमीवर जाणारी आपली माणसं इथून चार तारखेलाच निघतात, त्यांच्याबरोबर येईन. मनमाडला गाडी बदलायची म्हणतात. मी एवढ्या लांब कधी आले नाही, आणि गर्दीत कुंड्या फुटतील या विचारानं झोप लागत नाही. आईनं तिन्ही कुंड्यांना गोणपाट शिवून बांबूच्या एका मोठ्या हाऱ्यात बसवल्या आहेत. ती म्हणाली, हारा मीच उचलते, तुझ्या हातात दिला तर तू गाडीत चार चार येळा उघडून बघशील. म्हणजे तीही येते आहे. सहा तारखेला आम्ही दोघी बाबासाहेबांना वंदन करू आणि रात्री लोकांबरोबर मंडपात थांबू, सातला पहाटे तिथूनच तुमच्या वीजकेंद्राकडे निघू. तुमच्या खोलीवर बैठकीआधी येणार नाही. आले तर तुम्ही मला प्रेमानं समजावाल आणि मी ऐकेन, याची मला धास्ती आहे.

बैठकीत काय बोलायचं ते मी लिहून काढलं आहे. मोजणी माझी होती, ती चुकली, का चुकली, आणि कुंड्यांत काय दिसलं. आईचं नाव घेणार नाही म्हटलं तर ती रागावली. म्हणाली, घे की, मी काय चोरी केली? तेव्हा तिचंही घेईन. तुमच्याबद्दल मी आपण होऊन एक शब्द बोलणार नाही. पण एवढं मीठ कुठून आलं, पोती भरताना तुम्हाला शंका आली नाही का, असं कुणी विचारलं, तर मला माहीत नाही असं म्हणता येणार नाही. म्हणून मनापासून वाटतं, माझ्या आधी तुम्ही बोलावं. तुमच्या तोंडून ते निघालं तर त्यांना ते राग न येता ऐकता येईल, आणि मला तुमच्या शेजारी उभं राहता येईल. मुदतवाढ कदाचित जाईल. ते माझ्यामुळे गेलं असं तुम्हाला वाटलं तरी मी तुमच्याकडे येतच राहीन, हे आत्ताच लिहून ठेवते.

माझ्याजवळ बैठकीचं बोलावणं नाही. फाटकावर मी माझं नाव आणि त्या टाइप केलेल्या अहवालाचं नाव सांगेन. आत सोडलं नाही तर साहेबांना चिठ्ठी पाठवेन आणि तिथेच थांबेन. बुधवारी, ७ डिसेंबरला, सकाळी दहा वाजता.

तुमची भाची,
विशाखा